बेचाळिसावे चेंबर

मी एक जुनी चावी आहे. पण माझ्याने कुठलेही कुलूप उघडत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा घोळ व्हायला नको. मी पाण्याची चावी आहे. उभी केली तर मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येते. वर दोन्ही हातांनी धरायला आडवा दांडा, मध्ये सरळ जाड सळई आणि खाली चौकोनी खाच असलेले तोंड. मित्रांनो, रस्त्यातल्या ज्या लोखंडी झाकणांवर पाय आपटत तुम्ही शाळेत जाता, त्यांतल्या काहींच्या खाली एक खड्डा असतो. त्याला चेंबर म्हणतात. चेंबरच्या तळाशी पाण्याच्या मोठ्या नळावर व्हॉल्व्ह बसवलेला असतो. माझे तोंड त्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायचे आणि दांडा फिरवायचा. डावीकडे फिरवले की पाणी सुटते, उजवीकडे फिरवले की थांबते. तुमच्या घरी नळाला पाणी येते ते आपोआप येत नाही. कोणीतरी चावी फिरवते म्हणून येते.

मला पाणीखात्याच्या लोहाराने एका मोडक्या पंपाच्या दांड्यातून घडवले. माणूस कसबी होता, पण सदा घाईत. त्यामुळे माझ्या दांड्याची उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर आखूड राहिली. ते त्याच्या लक्षात आले होते, पण ‘चालतंय’ म्हणून त्याने मला तशीच पाण्यात बुडवली. चर्र आवाज झाला आणि मी कामावर रुजू झाले.

पहिली सहा वर्षे मी थोरल्या चावीवाल्याच्या हातात होते. शब्द खर्च करायचे त्याच्या अगदी जिवावर येई. तो निवृत्त झाला त्या दिवशी त्याने मला एका तरुणाच्या हातात दिले आणि म्हणाला, “ही घे. चालवत जा.” एवढे बोलून तो छत्री उचलून गेला. गावातली बेचाळीस चेंबर, कुठल्या चेंबरने कुठल्या गल्लीचे पाणी सुटते, कुठला व्हॉल्व्ह किती फेरे फिरवायचा, सगळे त्या छत्रीबरोबर निघून गेले.

तो तरुण म्हणजे माझे काका. आज सगळे गाव त्यांना ‘चावीवाले काका’ म्हणते. तेव्हा मात्र त्यांना गाव वेगळ्या नावांनी ओळखत असे, आणि ती नावे मुलांसमोर सांगण्यासारखी नाहीत. खालच्या गल्लीला पाणी सोडायला जावे तर वरच्या गल्लीच्या गच्चीवरून पाणी वाहायचे. तीन वर्षे ते असे ठेचकाळत शिकले. विचारायला कोणी नव्हते, आणि साहेबाला विचारले तर ‘एवढंही येत नाही?’ म्हणतील याची धास्ती. हळूहळू सगळे त्यांच्या हातांना कळत गेले. दांडा धरला की खालचे पाणी जोरात आहे की मलूल, हे त्यांना तळव्यांतून समजायचे. डोक्यात आलेले हातात उतरले आणि तोंडात काही आलेच नाही. पुढच्या सगळ्या भानगडीचे मूळ तिथेच आहे.

आमचे दिवस चांगले होते. एकदा लाकडाच्या वखारीला आग लागली. काकांनी चार चेंबर पळत पळत बंद केली आणि सगळ्या गावाचे पाणी वखारीच्या गल्लीत आणून सोडले. बंबवाल्यांनी काकांबरोबर माझाही फोटो काढला. फोटोत माझा फक्त दांडा आला आहे, पण असो. त्यांची पाठ थोपटली जात होती तेव्हा मी त्यांच्याच खांद्यावर होते, त्यामुळे दोन थापा मलाही मिळाल्या.

मग कार्यालयात संगणक आले. वरच्या टाकीजवळ बटण दाबून चालणारे व्हॉल्व्ह बसले. माझी जागा झाडू, फुटकी बादली आणि कोणाचा तरी विसरलेला रेनकोट यांच्या कोपऱ्यात झाली. भिंतीवरच्या पडद्यावर गावाच्या पाण्याचा रंगीत नकाशा दिसू लागला. साहेब आलेल्या प्रत्येकाला तो कौतुकाने दाखवत. त्या नकाशात सव्वीस चेंबर होती. उरलेली सोळा काकांच्या डोक्यात होती, आणि काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

त्यांच्या जागी मीटरबाई आली. तिशीची असेल. सात वर्षे तिने घरोघरी जाऊन पाण्याची मीटर वाचली होती, म्हणून कार्यालयात तिला सगळे याच नावाने हाक मारत. चावीचे काम तिने स्वतः मागून घेतले होते. “मीटर वाचून पाणी किती गेलं ते कळतं,” ती साहेबांना म्हणाली होती, “कसं गेलं ते मला शिकायचंय.” या कामावर बाईमाणूस पहिल्यांदाच येत होते. दोन महिन्यांत शिकली तर काम तिचे, नाही तर परत मीटर, असे ठरले.

काका शिकवायला अगदी मनापासून निघाले, याला मी साक्षी आहे. पण त्यांचे शिकवणे कसे, ते ऐका.

“हे बघ, भोंग्याच्या गिरणीपासून सरळ ये. जुना दवाखाना लागला की डावीकडे. तिथं ते दोघे भाऊ राहायचे ना, त्यांच्या दारात चेंबर.”

गिरणी पाडून वीस वर्षे झाली होती. दवाखान्याच्या जागी मोबाइलचे दुकान होते. दोघा भावांपैकी एक परगावी गेला होता आणि दुसरा वारला होता. काकांना मात्र हे सगळे अजून दिसत होते. त्यातून भावांचे नाव निघाले की त्यांचे भांडण निघायचे, भांडणातून भिंत, भिंतीवरून कोणाचे तरी लग्न. आणि चेंबरपर्यंत पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी व्हायची. प्रत्यक्ष काम करायची वेळ आली की काका म्हणत, “थांब, मी करून दाखवतो,” आणि मला धरून सर्रकन फिरवून मोकळे होत. “कळलं?”

“हो काका,” मीटरबाई म्हणायची.

काही कळलेले नसायचे. तिच्या वहीची पाने मी वरून पाहत असे. ‘जुना दवाखाना, कुठे?’ ‘किती फेरे?’ ‘दोघे भाऊ??’ अशी नुसती प्रश्नचिन्हे. पण एवढ्या जाणत्या माणसाला पुन्हा पुन्हा काय विचारायचे, असे तिला वाटे. विचारले तर ‘एवढंही येत नाही?’ असे ऐकावे लागेल ही धास्ती तिलाही होतीच. माझ्या दांड्याला दोन पिढ्यांच्या तळव्यांचा घाम सारखाच लागला.

निवृत्तीला पंधरा दिवस असताना काका डोळे तपासायला गेले होते. भर दुपारी खबर आली की खालच्या गल्लीत नळाला चीर पडून पाणी उडते आहे. मीटरबाई मला खांद्यावर टाकून एकटीच धावली. गल्लीचे चेंबर कोपऱ्यावर आहे. झाकण उघडून तिने काकांना फोन लावला.

“कोपऱ्यावरची चावी ना?” काका व्हॉल्व्हलाही चावीच म्हणत. ते घाईत होते, डोळ्यांत औषध घातलेले होते. “ती जरा वेगळी आहे. सांभाळून फिरव.”

“हो काका.”

फोन बंद झाला. मित्रांनो, ‘वेगळी’ म्हणजे काय ते मला माहीत होते. तो व्हॉल्व्ह मागे कधीतरी दुसऱ्या कारखान्याचा आणून बसवलेला आहे आणि तो उलटा फिरतो. उजवीकडे फिरवला की उघडतो. काकांच्या हातांना याची इतकी सवय होती की यात सांगण्यासारखे काही आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नसे. मीटरबाईला वाटले, वेगळी म्हणजे नाजूक. म्हणून तिने मला अगदी हळू, अगदी सांभाळून, उजवीकडे फिरवले. एक फेरा, दोन फेरे. पाणी वाढले. तिला वाटले, अजून पुरते बंद झाले नाही. तिने आणखी फिरवले. ती जितकी काळजी घेत होती तितके पाणी वाढत होते, आणि मी तिच्याच हातात असून मला ओरडता येत नव्हते.

चौदाव्या फेऱ्याला खालचा नळ फाटला. गल्लीच्या टोकाला पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरची खोली आहे, रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खोल. वाचनालयाची दोनेकशे पुस्तके तिथे बांधायला आली होती. बाइंडर दारात फळी लावेपर्यंत ती सगळी तरंगायला लागली. शेवटी मीटरबाई टेकडीवरच्या टाकीपर्यंत पळाली आणि तिथून अख्ख्या गावाचे पाणी तोडले.

बाइंडर ओली पुस्तके एकेक करून पायरीवर उघडी मांडत राहिला. ते बघून मीटरबाईला रडू फुटले. साहेब आले, त्यांनी सगळीकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, “उद्या सकाळी कार्यालयात या. मीटरची वही परत घेऊन जा.”

ती मला काकांच्या घरी पोचवून निघून गेली.

संध्याकाळी काका जेवायला बसले, पण ताट तसेच राहिले. “मी तिला सांगितलं होतं,” ते काकूंना तिसऱ्यांदा म्हणाले. “चांगलं फोनवर सांगितलं. वेगळी आहे, सांभाळून फिरव.”

काकूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “वेगळी म्हणजे कशी?”

“म्हणजे उलटी. उजवीकडे उघडते.”

“मग उलटी म्हणायला काय झालं होतं?”

काकांनी मोडलेला भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.

“अहो, मी चाळीस वर्षं तुमच्या ‘हं’चे अर्थ लावतेय. एक ‘हं’ म्हणजे मीठ कमी आहे, दुसरा ‘हं’ म्हणजे पाहुणे येणार आहेत. मला सवय झाली. ती बिचारी काल आलीय. तिनं कुठून लावायचे?”

मी दारामागे उभी होते. काकांनी ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. बराच वेळ ते आपले तळवे निरखत राहिले. थोरल्याने आपल्याला वाऱ्यावर सोडले म्हणून त्यांनी इतकी वर्षे त्याला दूषणे दिली होती. आपण बडबड पुष्कळ केली, पण पोरीला तसेच वाऱ्यावर सोडले, हे त्यांना त्या ताटावर कळले असावे. मला फार वाईट वाटले त्यांचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन कार्यालयात गेले. मीटरबाई आधीच येऊन उभी होती, वही छातीशी धरून. साहेबांच्या टेबलावर अहवालाचा कागद तयार होता. काकांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एकही ठपका नव्हता. त्या स्वच्छ कागदावर त्यांचा केवढा जीव होता ते मला ठाऊक आहे.

“साहेब, तिथं माझं नाव लिहा,” काका म्हणाले. “व्हॉल्व्ह उलटा आहे हे मला माहीत होतं. मी तिला ते सांगितलं नाही.”

“पण त्या म्हणतायत की तुम्ही फोनवर सांगितलंत.”

“मी बोललो. सांगितलं नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवले, पुन्हा उचलले आणि नाव बदलले. मीटरबाईला उरलेले चौदा दिवस मिळाले. त्यानंतर साहेब स्वतः एका चेंबरवर तिची परीक्षा घेणार होते.

बाहेर आल्यावर मीटरबाईने काकांना गाठले. “काका, माझीही चूक आहे. मला कळलं नव्हतं आणि मी हो म्हणाले.” मग जरा थांबून तिने धीर केला. “आता मी सांगते तसं कराल?”

तिने सांगितले ते असे. आज डोळ्यांना जे दिसते त्यावरूनच पत्ता सांगायचा. एका वेळी एकच चेंबर. ते झाल्यावर ती स्वतःच्या शब्दांत परत सांगणार, मग स्वतःच्या हाताने चावी फिरवणार, आणि तोवर काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. ही शेवटची अट काकांना भारी पडली. तिने मला जरा वेडेवाकडे धरले की त्यांचे हात शिवशिवायचे. एकदा तर ते न राहवून पुढे झाले, तेव्हा तिने नुसते पाहिले. काका हात मागे घेऊन आभाळाकडे बघत उभे राहिले.

पण काकांच्या जुन्या गोष्टी सगळ्याच काही फुकट नव्हत्या. एका चेंबरपाशी तिच्या लक्षात आले, की दोघा भावांनी भांडून मध्ये भिंत घातली म्हणूनच तिथला नळ वळसा घालून गेला आहे. तेव्हापासून तीच म्हणू लागली, “काका, आधी काम सांगा. मग ते असं का आहे, त्याची गोष्ट सांगा.” काका इतके खुलले की पाणीखात्यात चौतीस वर्षांत नसतील एवढे त्या चौदा दिवसांत हसले. बाइंडरच्या कोपऱ्यावर तर त्यांनी चेंबरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लाल रंगाने मोठा बाण काढला आणि खाली लिहिले: उलटा फिरतो. बाइंडर दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “हे दहा वर्षांपूर्वी लिहायचं ना.” त्यावर काका “हो,” एवढेच म्हणाले.

तेराव्या दिवसापर्यंत एक्केचाळीस चेंबर झाली. बेचाळिसावे लाँड्रीच्या मागच्या भिंतीलगत होते. त्याचा विषय निघाला की काका म्हणत, “ते उद्या.” शेवटच्या दिवशी ‘उद्या’ उरला नव्हता. मीटरबाईने झाकण उचलले आणि वाकून पाहिले.

“काका, इथं तेल कोणी घातलंय?”

“मी. तीन दिवस येऊन घालतोय.” काका भिंतीला टेकले. “बाई, ह्या चेंबरचं मला काहीही माहीत नाही. थोरल्यानं सांगितलं नाही आणि मला विचारायची लाज वाटली. भलतंच काही होईल या भीतीनं मी हे कधी फिरवलंच नाही. लोकांना वाटतं मला सगळं येतं. मीही ते तसंच वाटू दिलं.”

मीटरबाईने त्यांना दोष दिला नाही. ती गुडघ्यांवर बसून नळाची दिशा पाहत राहिली. नळ टेकडीकडे जात होता, आणि टेकडीवर टाकीखाली प्रसूतिगृहाशिवाय दुसरे काही नव्हते. प्रसूतिगृहाला पाणी खालच्या टाकीवरून पंपाने जाते. मग हा नळ कशाचा? तिने प्रसूतिगृहाच्या परिचारिकेला फोन करून सगळे नीट सांगितले, दहा मिनिटांपुरते नेहमीचे पाणी बंद करू का म्हणून विचारले, आणि तिचे उत्तर तिच्याकडून पुन्हा वदवून घेतले. मग काकांना वर पाठवले. “जे दिसेल ते सांगा,” ती म्हणाली. “बहुतेक, जरासं, असं काही नको.”

मी व्हॉल्व्हवर बसले. तेल मुरले होते, तरी पहिल्या फेऱ्याला माझी सळई कण्हली. एक फेरा. दोन. तिसऱ्या फेऱ्याला खाली काहीतरी धडधडले. तिच्या कानाशी फोन होता आणि त्यातून काकांचा आवाज येत होता, एकेक शब्द सुटा.

“अंगणातला नळ उघडा आहे. पाणी नाही. आता हवा येतेय. आता गढूळ पाणी आलं. थांब. आता स्वच्छ पाणी आलं. पूर्ण धार आहे. पंप बंद आहे, तरी पूर्ण धार आहे.”

वरच्या टाकीचे पाणी, पंपाशिवाय, थेट प्रसूतिगृहाला. असा एक नळ होता. थोरल्याने तो टाकीच्या दुरुस्तीसाठी बंद केला होता आणि परत उघडायचे राहून गेले. तो त्याने माझ्याच दांड्याने बंद केला होता, म्हणून मला ते ठाऊक होते.

काका टेकडी उतरून आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. अकरा वर्षांपूर्वी तो पंप जळला होता. तीन दिवस प्रसूतिगृहात पाण्याचा थेंब नव्हता. बाळंतिणींचे नवरे, त्यांच्या सासवा, गल्लीतले लोक, सगळे टेकडी चढून बादल्या वाहत होते. सगळ्यांत जास्त खेपा काकांनी केल्या होत्या. बादली घेऊन ते या झाकणावर पाय देऊनच वर जात होते.

“इथून पाणी गेलं असतं,” ते म्हणाले. “मी त्याला विचारायला हवं होतं. निवृत्त झाल्यावर बारा वर्षं तो जिवंत होता. दोन गल्ल्या सोडून राहायचा.”

मीटरबाईने वही उघडली आणि पेन त्यांच्यापुढे धरले. काकांनी बेचाळिसाव्या पानावर स्वतःच्या हाताने सगळे लिहिले: जागा, दिशा, फेरे, पाणी कुठे जाते. खाली त्यांनी आणखी एक ओळ घातली. ‘हे मला चौतीस वर्षे माहीत नव्हते आणि मी कोणाला विचारले नाही.’ मग सही केली. दुपारी साहेबांनी तिची परीक्षा कोपऱ्यावरच्या चेंबरवरच घेतली. झाकण उघडायच्या आधीच तिने सांगितले की हा उलटा आहे, आणि का उलटा आहे तेही सांगितले. तेव्हापासून मी तिच्या खांद्यावर आहे.

मित्रांनो, सारखे मनात येते की मला तर माहीत होते. मी काकांच्या हातात होते, बादल्या जात होत्या तेव्हा भिंतीला टेकून उभी होते. पण मी लोखंडाची. माझा नाइलाज होता. तुमच्या घरात जी वडीलधारी माणसे आहेत त्यांचा असा नाइलाज नाही. त्यांच्या हातांना पुष्कळ काही माहीत असते, आणि आपण ते सांगितले नाही हे कित्येकदा त्यांच्याच लक्षात येत नाही. आज त्यांच्याशेजारी बसा आणि एखादी गोष्ट विचारा. अर्धी सांगितली तर उरलेली मागा. विचारायला लाज वाटते ती घटकाभर. न विचारलेले पाणी मात्र कोणीतरी तीन दिवस टेकडीवर वाहत राहते.